रॅमचा रेट आणि शेअरचा भाव

ताई, नमस्कार. लॅमिंग्टन रोडला माझं छोटं दुकान आहे, काउंटरच म्हणा. रॅम, एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि थोडीफार लॅपटॉपची दुरुस्ती. १९ वर्षं झाली. कन्नमवार नगरमधली आमची म्हाडाची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, सध्या कांजूरमार्गला भाड्याने राहतो. बिल्डरने कॉर्पसचे ६ लाख दिले, ते बचत खात्यात पडून आहेत. गेल्या वर्षाच्या अखेरीपासून रॅमचे रेट असे चढलेत की सकाळचा रेट संध्याकाळी राहत नाही. आणि तिकडे अमेरिकेत टेक शेअर पडतायत, त्यात मायक्रॉन या मेमरी चिप बनवणाऱ्या कंपनीचा शेअरही पडतोय. पीई, म्हणजे शेअरचा भाव वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, पाहिला तर इतर टेक कंपन्यांच्या मानाने अगदी कमी. मला वाटतं, हीच वेळ आहे. मित्र म्हणतो, सोनं ठेवून आणखी २ लाख उचल आणि एकदम घाल. बायको म्हणते, घराची चावी हातात पडेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. मुलगी अकरावीला आहे. मंदीत घेतलेला माल कसा अंगावर येतो हे मला ठाऊक आहे. २०२२ च्या दिवाळीला रेट पडले म्हणून ४० एसएसडी भरल्या, रेट आणखी पडले, आणि डिस्ट्रिब्युटरची उधारी द्यायची होती म्हणून मे २०२३ मध्ये तोट्यात काढाव्या लागल्या. पण त्यातून शिकलो. माल मला कळतो. मग शेअर घेतला तर काय चुकलं?
– एक वाचक, विक्रोळी

दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी वाटलं, उत्तर दोन ओळींचं आहे: वहिनींचं ऐका. दुसऱ्या वेळी ‘माल मला कळतो’ या शब्दांपाशी थांबले. ते खरंच आहे. मायक्रॉनचा शेअर घेणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांनी रॅमची पट्टी स्वतःच्या हाताने खाचेत बसवलेली नसते. तुम्ही रोज बसवता. एवढ्या जाणत्या माणसाला नुसतं ‘नको’ म्हणून वाटेला लावणं बरं दिसत नाही. म्हणून उत्तर लांबलं आहे.

निकाल मात्र आधी सांगते. कॉर्पसच्या सहा लाखांतला एक रुपयाही या शेअरमध्ये घालू नका. सोनं तारण ठेवण्याचा विचार आजच डोक्यातून काढा. आणि तरीही मायक्रॉन घ्यायचाच असेल, तर तो कसा घेता येईल हे शेवटी सांगते, कारण त्यालाही एक वाट आहे.

आता त्या ४० एसएसडींकडे येऊ. तुमचं सगळं पत्र मला त्या एका वाक्यात सापडलं. तुम्ही त्यातून काय शिकलात ते लिहिलेलं नाही, पण ‘तळाला घ्यायचं’ असं काहीतरी शिकला असणार, असं पत्राच्या सुरावरून वाटतं. मला त्यात वेगळंच दिसतं. तो माल काही वाईट नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये सॅमसंगने उत्पादन कमी करत असल्याचं जाहीर केलं, मायक्रॉनने तर त्याच्याही आधी हात आखडता घेतला होता, आणि त्या वर्षाच्या शेवटी एसएसडीचे रेट वर फिरले. म्हणजे त्याच ४० एसएसडी तुमच्या ट्रेमध्ये आणखी वर्षभर पडून राहिल्या असत्या, तर तोटा बराचसा भरून आला असता. तुम्ही त्या मे महिन्यात काढल्या, कारण डिस्ट्रिब्युटर दारात उभा होता. मालाची पारख चुकली नव्हती. त्या मालात अडकलेल्या पैशाला थांबायची मुभा नव्हती.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ज्या काळात तुमच्या ट्रेमधल्या एसएसडी दर आठवड्याला स्वस्त होत होत्या, त्याच काळात मायक्रॉनचा शेअर चढत होता. २०२२ च्या दिवाळीला तो ५० डॉलरच्या घरात होता, मे २०२३ संपताना ६५ च्या वर गेला. कंपनी तेव्हा तोट्यात होती, आणि तोटाही साधासुधा नव्हता. ऑगस्ट २०२३ अखेर संपलेल्या आर्थिक वर्षात मायक्रॉनची विक्री आदल्या वर्षीच्या ३०.७६ अब्ज डॉलरवरून १५.५४ अब्जांवर आली, म्हणजे जवळजवळ निम्मी. निव्वळ तोटा ५.८३ अब्ज डॉलर. आणि २०२३ या वर्षात शेअर कुठून कुठे गेला? ५० वरून ८५ वर.

हे समजून घ्या, कारण तुमची सगळी गणितं इथेच उलटी पडतात. तुम्ही आजचा रेट बघून आजचा माल घेता. बाजार मात्र शेअर घेताना सहा महिने, वर्षभर पुढे रेट काय असेल याचा अंदाज लावून भाव ठरवतो. म्हणून माल पडत असताना शेअर चढतो, आणि माल कडाडलेला असताना शेअर घसरायला लागतो. आज तुमच्या काउंटरवर रॅम महाग आणि तिकडे शेअर खाली, हे तुम्हाला ‘बाजाराची चूक झाली, आपण उचलू’ असं वाटतं. या धंद्यात तेच चित्र अनेकदा चढणीच्या शेवटी दिसलं आहे.

आता पीई. तुम्ही लिहिलंत, पीई अगदी कमी आहे. साबणाच्या, बिस्किटांच्या किंवा बँकेच्या शेअरला ही मोजपट्टी थोडीफार लागू पडते, कारण त्यांचा नफा वर्षाला वर्ष थोडाथोडा हलतो. मेमरीत नफा उड्या मारतो. २०१८ चं उदाहरण घ्या. मायक्रॉनला त्या आर्थिक वर्षात १४ अब्ज डॉलरहून जास्त नफा झाला, तोवरचा सगळ्यात मोठा. मे अखेरीस शेअर ६० डॉलरच्या वर होता. वर्षाच्या त्या नफ्याशी ताडून पाहिला तर पीई पाच-सहाच. किती जणांनी तेव्हा ‘एवढा नफा आणि एवढा स्वस्त’ म्हणून घेतला असेल! डिसेंबरात तोच शेअर ३० च्या आसपास होता. पीई तीनच्याही खाली गेला, म्हणजे कागदावर तो आणखी ‘स्वस्त’ झाला. पुढच्या वर्षी नफा ६.३ अब्जांवर आला, त्याच्या पुढच्या वर्षी २.७ अब्जांवर. कमी पीई हा त्या वेळी सवलतीचा बोर्ड नव्हता. हा नफा टिकणार नाही, असं बाजार सांगत होता.

आणि तळाला गेल्यावर काय दिसतं? तोटा. तोट्याला पीईच नसतो, तो रकाना रिकामा असतो. ज्या वेळी मेमरीचा शेअर घेण्यासारखा असतो, त्या वेळी तो नफ्याच्या आकड्यावर बहुधा स्वस्त दिसत नाही. बातम्यांत तोटा, नोकरकपात, उत्पादनकपात. लॅमिंग्टन रोडला डिस्ट्रिब्युटर स्वतःहून फोन करून ‘घेऊन टाक, रेट लावून देतो’ म्हणत असतात. ही खूण तुम्ही माझ्यापेक्षा चांगली ओळखता.

हे असं का होतं? लासलगावच्या कांद्यासारखंच आहे हे, फक्त कांद्याचं पीक चार-पाच महिन्यांत येतं आणि चिपचा कारखाना उभा राहायला दोन-तीन वर्षं आणि अब्जावधी डॉलर लागतात. भाव चढला की सगळे एकदम लागवडीला लागतात. कारखाने तयार होतात तेव्हा तेही एकाच सुमाराला, आणि माल बाजारात ओतला जातो. कांद्याचा शेतकरी वैतागून शेत पडीक ठेवू शकतो. चिपच्या कारखान्यात एवढा पैसा आधीच गाडलेला असतो की तो बंद ठेवण्यापेक्षा तोट्यात चालवणं परवडतं. त्यामुळे पडता रेट आणखी पडत राहतो. शिवाय मालात फरक नाही. सॅमसंगची डीडीआर५ पट्टी (हल्लीच्या संगणकांतली रॅम) काढून हायनिक्सची लावली तर गिऱ्हाइकाला कळतही नाही. तुम्ही किंगस्टनची विकता, पण किंगस्टन स्वतः डीरॅम, म्हणजे रॅमच्या पट्टीवरची मेमरी चिप, बनवत नाही. आतली चिप बहुतेक वेळा सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या तिघांपैकीच कुणाची तरी असते. जिथे माल एकसारखा, तिथे भाव हीच एक लढाई.

या लढाईत किती जण गेले, तेही पाहिलंय तुम्ही. तुम्ही दुकान सुरू केलंत त्या सुमाराला पट्ट्यांवर किमोंडाचं नाव असायचं. जर्मनीची ती कंपनी जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. मग एल्पिडाच्या चिप यायच्या. जपानमधली शेवटची मोठी डीरॅम कंपनी. फेब्रुवारी २०१२ मध्ये तिनेही हात वर केले, आणि २०१३ मध्ये मायक्रॉनने ती घेतली. कंपनी वाचली, कारखाना चालू राहिला, चिप येत राहिल्या. एल्पिडाच्या भागधारकांच्या हातात मात्र काही उरलं नाही. इंटेलचा तर जन्मच मेमरीतला, तिने १९८५ मध्येच डीरॅम सोडून दिलं होतं. आज जगातलं बहुतांश डीरॅम तिघांच्या हातात आहे ते या पडझडीनंतर. तिघंच उरल्यामुळे आता शिस्त येईल, पूर्वीसारखे खड्डे पडणार नाहीत, असं बरेच जण सांगतात. तिघंच होते तरी २०२३ चा खड्डा पडलाच. त्या वर्षी एसके हायनिक्सलाही ७ लाख कोटी वॉनहून जास्त कामकाजी तोटा झाला, आणि पुढच्याच वर्षी २३ लाख कोटी वॉनहून जास्त कामकाजी नफा. एवढा झोका दुसऱ्या कुठल्या धंद्यात मी पाहिलेला नाही.

जे वाचले त्यांच्यातही किती वाट पाहावी लागते, हेही सांगून ठेवते. २००० च्या उन्हाळ्यात, इंटरनेटच्या तेजीत, मायक्रॉन ९० डॉलरच्या वर होता. २००८ च्या शेवटी तो २ डॉलरच्या खाली आला. पुन्हा ९० पाहायला २०२१ उजाडलं. ज्याने तेव्हा वर घेतला, त्याला मुद्दल दिसायला वीस वर्षं लागली. अगदी अलीकडचं बघायचं, तर जून २०२४ मध्ये तो १५० च्या वर होता आणि एप्रिल २०२५ मध्ये ७० च्या खाली. निम्म्याहून जास्त घसरण, आणि या वेळी कंपनी नफ्यात होती. त्यानंतर तो पुन्हा चढला आणि जुना उच्चांक मागे टाकला, हेही खरं. पण त्या एप्रिलमध्ये ज्याला पैसे काढावे लागले, त्याला त्या चढणीचा काय उपयोग?

तुमच्या काउंटरबद्दल एक गोष्ट मनापासून सांगते, वाईट वाटून घेऊ नका. पूर्वी लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवरून मेमरीचा धंदा खरंच दिसायचा. सप्टेंबर २०१३ मध्ये चीनमधल्या वूशीत हायनिक्सच्या कारखान्याला आग लागली आणि इथे रॅमचे रेट लगेच चढले, ते तुम्हाला आठवत असेल. माल मुख्यतः संगणकात आणि मोबाइलमध्ये जायचा, म्हणून दुकानातली मागणी हीच मागणी होती. आता तसं राहिलेलं नाही. रेट कडाडलेत ते एआयच्या डेटा सेंटरमुळे. तिथे लागणारी एचबीएम नावाची मेमरी, म्हणजे डीरॅमचे थर एकावर एक रचून बनवलेली चिप, तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर५ पेक्षा सुमारे तिप्पट वेफर, म्हणजे चिप ज्यावर बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, खाते. कारखान्याची जागा तिकडे गेली, आणि तुमच्या पट्टीला कमी उरली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा आपला दुकानात विकला जाणारा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. क्रूशियलच्या पाकिटांनी तुमची किती दिवाळी निघाली असेल. त्या कंपनीने तुमच्यासारख्या दुकानदाराकडे पाठ फिरवून डेटा सेंटर निवडलं. धंदा म्हणून ते त्यांना बरोबरच वाटलं असणार. तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा की यापुढे मायक्रॉनचा नफा-तोटा मूठभर बड्या कंपन्या डेटा सेंटरवर किती खर्च करतात त्यावर ठरेल. त्यांनी हात आखडला तर ते तुम्हाला काउंटरवर सगळ्यात शेवटी कळेल, शेअरला सगळ्यात आधी.

आणि आणखी एक. तुमचं घर कशावर चालतं? मेमरीवर. मागणी मेली की गल्ल्यातली आवक आटते. २०२३ च्या उन्हाळ्यात तुम्ही ते भोगलंय. आता बचतही मेमरीतच घातली, तर मंदी आली की दुकानही बसणार आणि शेअरही. मुलीची फी भरायला नेमके तेव्हाच पैसे लागले, तर मे २०२३ पुन्हा घडेल, या वेळी सहा लाखांचा. बँकेत किंवा सरकारी नोकरीत असलेल्या माणसाने मायक्रॉन घेतला तर त्याचा पगार त्याला धरून ठेवतो. तुमचं शेत आणि तुमची विहीर एकाच नाल्यावर आहे.

आता त्या सहा लाखांचं. कॉर्पस म्हणजे फुकट मिळालेली रक्कम, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. ती रक्कम येते ती नव्या इमारतीत मेंटेनन्स वाढणार म्हणून. कन्नमवार नगरच्या जुन्या घरात तुम्ही महिन्याला काय भरत होतात, आणि लिफ्ट, पंप, पार्किंग, सुरक्षारक्षक असलेल्या टॉवरमध्ये काय भराल, याचा हिशेब एकदा मांडून बघा. शिवाय रिडेव्हलपमेंट वेळेत होईलच असं धरू नका. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांनी २००८ च्या करारानंतर किती वर्षं भाड्याच्या घरांत काढली, हे मुंबईत कुणाला सांगायला नको. तुमच्या बिल्डरचं तसं होईल असं मी म्हणत नाही, तसं होऊ नये हीच इच्छा. पण कधी भाड्याचा धनादेश तीन महिने उशिरा आला, तर कांजूरमार्गच्या घरमालकाला हेच सहा लाख तारणार आहेत. ‘चावी हातात पडेपर्यंत’ असं वहिनी म्हणतात, ते मला अगदी नेमकं वाटतं. त्या पैशाची मुदतच त्यांनी सांगितली आहे.

ते पैसे बचत खात्यातही पडू देऊ नका. मुदत ठेवीत टाका, पण एका बँकेत नको. ठेवींवरचा विमा एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच असतो, व्याज धरून. तेव्हा दोन बँकांत तीन-तीन लाख, आणि तेही वेगवेगळ्या मुदतींचे लाख-दीड लाखांचे तुकडे करून. गरज पडली तर एक तुकडा मोडता येतो, सगळं मोडावं लागत नाही.

सोनं तारण ठेवायचं म्हणणाऱ्या मित्राला एक नियम सांगा. परदेशात गुंतवणुकीसाठी पैसे पाठवायची सोय रिझर्व्ह बँकेच्या ज्या योजनेखाली आहे, ती एलआरएस, तिच्यात अशा गुंतवणुकीसाठी बँकांनी कर्ज देऊ नये, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. नियम नसता तरी मी हेच म्हटलं असतं. वर्षभरात निम्मा होऊ शकणारा शेअर एका बाजूला, आणि दर महिन्याला चढणारं व्याज दुसऱ्या बाजूला. मधे वहिनींचं मंगळसूत्र. नको.

आता वाट. तुम्हाला या धंद्याची मनापासून आवड आहे आणि ती आवड मारावी असं मला वाटत नाही. दुकानाच्या नफ्यातून, घरखर्च, भाडं, फी आणि विम्याचा हप्ता गेल्यावर जे उरतं, त्यातले महिन्याला तीन-चार हजार तुम्ही यासाठी बाजूला काढू शकता. बुडाले तरी घरात कुणाचा आवाज चढणार नाही, एवढीच रक्कम. एकदम नाही, दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एकदा, आणि किमान अडीच-तीन वर्षं. तुमच्या मित्राच्या ‘एकदम घाल’मध्ये चूक ही आहे की तळ कुठे होता हे तळ निघून गेल्यावरच कळतं.

भारतात मेमरी चिप बनवणारी एकही कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, पण तो चिपची जुळणी आणि चाचणी करण्याचा, आणि त्याचा वेगळा शेअर नाही. ‘साणंदचा फायदा होणार’ म्हणून कुणी इथला एखादा छोटा शेअर गळ्यात मारायला आला, तर ऐकू नका. सॅमसंग आणि हायनिक्स कोरियात, आणि इथल्या बहुतेक ॲपवरून फक्त अमेरिकी शेअर घेता येतात. म्हणून तुमच्या हाताशी येतो तो मुख्यतः मायक्रॉनच. एलआरएसखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर उगमापाशी कर (टीसीएस) घेतला जात नाही, त्यामुळे तिथे तुम्हाला काही अडचण नाही. बँक डॉलरचा काय भाव लावते आणि वर किती शुल्क घेते, ते मात्र नीट विचारा. तीन हजार पाठवताना पाचशे शुल्कात गेले तर हिशेबच कोलमडतो. म्हणून तीन-चार महिन्यांचे साठवून एकदा पाठवलेलं बरं.

इथेच दुकानदारांची एक मोठी चूक होते, तेवढी लक्षात ठेवा. तुम्ही बहुधा आयटीआर-४ भरत असाल, उलाढालीवर ठरावीक टक्के नफा दाखवून. नावावर परदेशातला एक जरी शेअर आला, तरी आयटीआर-४ चालत नाही. आयटीआर-३ भरावा लागतो, आणि त्यात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तो शेअर दाखवावा लागतो, नफा झालेला असो वा नसो. हा तक्ता जानेवारी ते डिसेंबर असा असतो, त्यात गोंधळ होतो. न दाखवल्याबद्दल काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली, पण दाखवण्याची जबाबदारी तशीच आहे. शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकला तर नफ्यावर १२.५ टक्के कर आणि वर उपकर, त्याआधी विकला तर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. लाभांशातून अमेरिका २५ टक्के कापून घेते, त्याची वजावट इथे मागता येते. शेअर घेण्याआधी सीएकडे जा, नंतर नको. त्याची फी वाढणार आहे, तीही खर्चात धरा.

दुसरी वाट म्हणजे नॅसडॅक-१०० या अमेरिकी निर्देशांकावर चालणारा इथलाच ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड. त्यात मायक्रॉनही असतो आणि बाकीच्या ९९ कंपन्याही, परदेशी मालमत्तेच्या तक्त्याची कटकट नाही. पण म्युच्युअल फंडांना परदेशात गुंतवायला एकूण ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, ती भरत आली की असे ईटीएफ त्यांच्या आतल्या मालापेक्षा महाग विकले जातात. घेण्याआधी त्याचा चालू एनएव्ही, म्हणजे एका युनिटमागे आतल्या मालाची किंमत, बघा. बाजारात तो दहा टक्के वर विकला जात असेल तर त्या दिवशी घेऊ नका. छापील किमतीच्या वर माल तुम्ही कधी उचलला आहे का?

आणि हे सगळं करण्याआधी एक वही करा. दुकानात रेट लिहायची तुमची वही असेलच, तसलीच. तिच्यात तुमच्या काउंटरवरचा १६ जीबी डीडीआर५ चा रेट दर सोमवारी लिहा, शेजारी मायक्रॉनचा त्या दिवशीचा भाव. मायक्रॉनचे निकाल मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात येतात. त्या वेळी तीन गोष्टी टिपा: गोदामात किती दिवसांचा माल पडून आहे, नव्या कारखान्यांवर किती खर्च करणार आहेत, आणि उत्पादन वाढवतायत की कमी करतायत. माल साचतोय आणि कारखानेही वाढतायत, असं दिसलं तर पैसे तुमच्या बँकेतच बरे. कंपनी तोट्यात आहे, खर्च कापतेय, उत्पादन कमी करतेय आणि कुणीही तिच्याबद्दल बरं बोलत नाही, असं दिसलं तर बाजूला काढलेल्या त्या तीन-चार हजारांचं बघा. चार निकाल लिहून होईपर्यंत एकही शेअर घेऊ नका. वर्ष जाईल. तोवर मुलगी बारावीला असेल, फीचा आकडा कळलेला असेल, आणि इमारतीचा कितवा स्लॅब पडला तेही.

वहिनींना माझा नमस्कार सांगा. वर्षभराने ती वही घेऊन पुन्हा लिहा, मी वाचेन.